आवाज फाटत नाहीये

नाशिकच्या मेन रोडमागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. वडिलांनी रेडिओ दुरुस्तीसाठी टाकलं, मी एकतीस वर्षं अ‍ॅम्प्लिफायर उघडतोय. भजनी मंडळ असो की मंगल कार्यालय, गिऱ्हाइकाची तक्रार एकच: "आवाज फाटतोय." गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी दुपारी तीन पोरांनी रिक्षातून एक जडशीळ पेटी उतरवली. त्यातला एक रडकुंडीला येऊन म्हणाला, "काका, आवाज फाटतच नाहीये."

मला वाटलं, थट्टा करतोय.

पेटी म्हणजे पन्नास वॉटचा, व्हॉल्व्हचा म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचा गिटार अ‍ॅम्प, सेकंडहँड घेतलेला. पोरं सत्तरच्या दशकातला हार्ड रॉक वाजवतात, गाणी मात्र स्वतःची आणि मराठीत. रात्री आठला गंगापूर रोडला कार्यक्रम. मी स्क्रू काढत होतो आणि गिटारवाला मला फाटक्या आवाजाचा इतिहास सांगत होता. १९६४ साली किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने म्हणे ब्लेडने स्पीकरचा कागद मुद्दाम चिरला होता. असा स्पीकर कोणी माझ्याकडे आणला असता तर मी त्याला झापलाच असता. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याची गोष्ट मात्र लगेच पटली. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लॅस्टिक वितळवून टोपणं केली, ती बोटांवर चढवून वाजवत राहिला. सांगणारा पोरगा स्वतः अंबडला प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर कामाला. त्याची दहाही बोटं मी नकळत मोजून घेतली.

बंद करून बराच वेळ झाला होता, तरी मीटर ३८० व्होल्ट दाखवत होता. वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे केले, मगच आत हात घातला. पुढे चालू करून तपासताना डावा हात खिशात. ही वडिलांची शिस्त: करंट बसलाच तर छातीतून आरपार जाऊ नये.

गिटारची वायर खुपसायला दोन भोकं, हाय आणि लो: हाय इनपुटला जवळजवळ काही नाही, लो इनपुटला आवाज येतो पण आकाशवाणीसारखा स्वच्छ. म्हणजे आवाज वाढवणारा पहिला टप्पाच मेलेला. दुकानातला दिवा घालवून पाहिलं. पहिले दोन टप्पे सांभाळणाऱ्या ईसीसी ८३ जातीच्या व्हॉल्व्हमध्ये एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह असतात. एका बाजूचा फिलामेंट नारिंगी पेटलेला, दुसरी बाजू काळीठिक्कर. लो इनपुट हा पहिला टप्पा वगळून थेट दुसऱ्यात जातो, म्हणून तो चालत होता. पोरांना हवा असलेला फाटका आवाज पहिल्याने दुसऱ्याला दामटून तयार होतो.

आता शनिवारी संध्याकाळी नाशिकमध्ये हा व्हॉल्व्ह कुठून आणायचा? माळ्यावरून वडिलांचा बिस्किटांचा डबा काढला. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे तीन ईसीसी ८३ निघाले. पहिला बसवल्या बसवल्या कुरकुरला. दुसरा गप्प पेटला. पोराने एक तार छेडली आणि काउंटरवरचा चहाचा ग्लास थरथरत सरकला. शेजारचा भांडीवाला धावत आला, काय फुटलं विचारायला.

काळजीपोटी मीही कार्यक्रमाला गेलो आणि स्टेजच्या कडेला अ‍ॅम्पपाशी उभा राहिलो. ड्रमवाला मूळचा ढोल पथकातला, हात तसाच पडत होता. शब्द मला निम्मे कळले नाहीत, खरं सांगतो. तिसऱ्या गाण्यात आवाज इतका फाटला की माझा हात सवयीने तो कमी करायला गेनच्या बटणाकडे गेला. पोराने वाजवता वाजवताच डोळे वटारले. मी हात खिशात घातला.

सोमवारी पोरं पैसे द्यायला आली. व्हॉल्व्हचे घेतले नाहीत, मजुरी घेतली. आठवण म्हणून जळका व्हॉल्व्ह मागत होती, तो दिला नाही. अर्धा जिवंत आहे, एखाद्या जुन्या रेडिओत चालून जाईल.