रात्री काय भिजतंय?

कांदेनवमी

यंदा चातुर्मासात नेम धरायचा ठरवलाय. देवासाठी नाही, स्वयंपाकासाठी.

साताऱ्याला माझी आई दर वर्षी काहीतरी धरायची. एका वर्षी वांगं सोडलं, एका वर्षी केळीच्या पानावरच जेवली. एकदा ताटात वरून मीठ घ्यायचं नाही असा नेम होता. तेव्हापासून आमटीतच मीठ जरा सैल हातानं पडायला लागलं, असं वडील म्हणायचे. कार्तिकी एकादशी झाली की नेम सुटायचा आणि घर पुन्हा पूर्वपदावर. मला यातली चार महिन्यांची मुदत फार आवडते. जन्मभराचं वचन द्यायला मी धजत नाही, पण चार महिने कुणीही काहीही करून बघू शकतं.

तर नेम असा: आषाढी ते कार्तिकी, मी जे रांधेन आणि खाईन ते झाडापासून आलेलं असेल. मासे, मटण, अंडी तर नाहीतच. दूध, दही, तूप, पनीरही नाही. थोडं कारण कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टात आहे, थोडं दुभत्या जनावरांबद्दल वाचलेल्यात, आणि बरंचसं नुसत्या कुतूहलात. सकाळचा पहिला चहा मात्र नेमातून वगळला आहे, आजच, लेखी. दुधाचा, आलं घातलेला, एक कप. ज्यांना हा ढोंगीपणा वाटेल त्यांनी सकाळी सहाला ठाणे स्टेशनच्या दिशेनं चालून बघावं.

वहीत आधी सोडायच्या वस्तूंची यादी केली होती. वाचली आणि फाडली. ती यादी मला मंगळवारी संध्याकाळी साडेसातला, लोकलमधून उतरून घरात पाऊल टाकल्यावर, काय शिजवू हे सांगत नव्हती. मग करायच्या गोष्टी लिहिल्या. रोजच्या जेवणात एक तरी कडधान्य. दह्याची जागा घेईल असं काहीतरी घरी करायला शिकणं. सासूबाईंना येणारे बिनमाशांचे मालवणी पदार्थ त्यांच्या शेजारी उभं राहून शिकणं. आणि ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी.

दुपारी कांद्याची भजी झाली. बेसन, कांदा, तेल. नेमाआधीच नेमात बसणारा पदार्थ!

सोमवार

सासूबाईंना नेम सांगितला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या आमका नवीन काय नाय. सोमवारी आमी ह्याच रांधूचे."

खरंच आहे. मालवणकडच्या घरांची ख्याती माशांची, पण त्याच घरांत सोमवार, संकष्टी, सगळा श्रावण असे कितीतरी दिवस बिनमाशांचे असतात, आणि त्या दिवसांसाठी एक पूर्ण वेगळी भांडार-खोली आहे. काळ्या वाटाण्यांचं सांबारं, आंबोळ्या, वालाची उसळ, कुळथाची पिठी, फणसाच्या कुयरीची भाजी, नीरफणसाची कापं, ओल्या काजूंची उसळ, सोलकढी. यातल्या एकाही पदार्थाला दूध लागत नाही. जिथे स्निग्धपणा हवा तिथे नारळ आहे. देशावर नारळाचं काम शेंगदाणा, तीळ आणि कारळं करतात. पनीर आणि क्रीम आपल्या रोजच्या स्वयंपाकात आली ती हॉटेलातल्या पंजाबी मेनूकार्डावरून, असं माझं मत आहे आणि ते मी सोडणार नाही.

मी उत्साहानं म्हटलं, मग आज सांबारंच करू. सासूबाई म्हणाल्या, "वाटाणे काय आयत्या वेळेक भिजतत?"

रात्री खिचडी झाली. बिनतुपाची.

बुधवार, रात्री उशिरा

सोमवारपासून तेच वाक्य डोक्यात आहे. वहीत जे चार मुद्दे लिहिले होते त्यांतले बहुतेक खरं तर आदल्या रात्रीचे आहेत. काळा वाटाणा दहा-बारा तास भिजतो तेव्हा कुठे कुकरमध्ये नीट शिजतो. मटकी सकाळी भिजत घातली तर रात्री उपसून फडक्यात बांधायची, म्हणजे दुसऱ्या रात्री मोड येतात. आणि पावसाळ्यात फडकं जास्त ओलं राहिलं तर मोडांआधी वास येतो. वाल भिजवा, मोड आणा, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोला. बिरड्याची चव जितकी मसाल्यात आहे तितकीच त्या सोलण्यात आहे. केळफूल आदल्या रात्री साफ करून, चिरून, मिठाच्या पाण्यात ठेवायचं, नाहीतर तुरट लागतं. आंबोळीचं पीठ रात्री आंबवायचं. एक मासा मात्र धुतला, हळद, मीठ आणि कोकमाचं आगळ लावलं की अर्ध्या तासात ताटात. अंडं तर दहा मिनिटांत. दमलेला माणूस ऑम्लेटकडे वळतो तो काही चवीला भुलून नव्हे.

म्हणून नेम बदलला. आता तो एका ओळीत मावतो: झोपताना ओट्यावर काहीतरी भिजत असलं पाहिजे. काय, ते नंतर बघू. भिजलेले वाटाणे समोर दिसले की सकाळी वाटण आपोआप सुचतं.

फ्रिजवर एक कागद लावला आहे. त्यावर वार नाहीत, फक्त भिजवायला लागणारे तास आहेत. मूग सहा, मटकी आठ, चवळी सहा, छोले-वाटाणे-राजमा बारा. मसूर आणि मूगडाळ यांच्यापुढे "आळशांसाठी" असं लिहिलंय.

शनिवार

स्टेशनबाहेर रानभाज्या घेऊन बसणाऱ्या आदिवासी बायका आल्यात. शेवळांचा हंगाम गेला. पहिल्या पावसाच्या त्या आठ-पंधरा दिवसांत ती घ्यावी लागतात, आणि त्यांची खाज मारायला काकडं नावाची आंबट फळंही त्याच पाटीत मिळतात. आज करटोली, कुर्डू आणि टाकळा होता. करटोल्यांचा भाव ऐकून विक्रेतीलाच हसू आलं. टाकळा मात्र स्वस्त.

टाकळ्यात आठळ्या घालायच्या असतात. उन्हाळ्यात खाल्लेल्या फणसाच्या बिया सासूबाई माती लावून ठेवतात, त्या पावसाळ्यात अशा उपयोगी पडतात. उकडून, ठेचून, कांदा-मिरची-खोबऱ्याबरोबर टाकळ्याच्या कोवळ्या पानांत. जेवताना त्या म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी पावसात होडी बाहेर पडायची नाही, घरात सुकट संपत आलेली असायची, तेव्हा हेच असायचं. आजही राज्यात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला १ जूनपासून पावसाळी बंदी असते, माशांच्या विणीचा तो काळ म्हणून. म्हणजे माझा चातुर्मास सुरू व्हायच्या आधीपासूनच समुद्राचा नेम चालू आहे. नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "समुद्राला पर्याय नसतो, मला आहे." आणि तरी टाकळा दोनदा वाढून घेतला.

दिव्याची अवस

रिपोर्ट आला. ब-१२ खालच्या रेषेच्याही खाली.

गंमत म्हणजे ही तपासणी नेमाच्या पहिल्याच आठवड्यात केलेली, त्यामुळे याचं खापर मटकीवर फोडता येणार नाही. आयुष्यभर दही-दूध आणि आठवड्यातून दोनदा मासे खाऊनही हे. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. आपल्याकडे ही कमतरता सर्रास दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात हा विषय ठळकपणे पुढे आला. ब-१२ तयार करतात ते जिवाणू. झाडांत ते भरवशानं मिळत नाही. दिवसाला लागतं जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम, पण ते लागतंच. मोड आणा, आंबवा, गावरान खा, काहीही करा, गोळीला पर्याय नाही. सामाजिक माध्यमांवर कुणी स्पिरुलिनानं किंवा इडलीच्या पिठानं ब-१२ भरून निघतं म्हणत असेल तर त्याचं ऐकू नये. मी गोळी सुरू केली, आणि वहीतला चौथा मुद्दा पहिला झाला.

बाकीचं गणित तितकं भीतीदायक नाही. भारतीय शिफारशीप्रमाणे वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं. माझं वजन ६० धरलं (धरलं, म्हणते) तर पन्नासेक ग्रॅम. कोरड्या कडधान्यांत शंभर ग्रॅमला वीस-बावीस, शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास. भाकरीत जे अमिनो आम्ल कमी पडतं ते उसळीत असतं, आणि उलटही. उसळीवर लिंबू पिळलं की लोह जास्त शोषलं जातं, जेवणाबरोबर चहा घेतला की कमी. म्हणजे वगळलेला तो चहा निदान जेवणापासून लांब ठेवायला हवा. कॅल्शियमसाठी नाचणी, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. पण नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही. तिच्यातलं फायटेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं, आणि भिजवून मोड आणले की ते फायटेट कमी होतं. आजी नाचणी भिजवून, मोड आणून, सुकवून दळायची आणि त्याचं सत्त्व आम्हाला पाजायची. पुन्हा भिजवणंच आलं.

संध्याकाळी दिवे घासून पाटावर मांडले. आसपासच्या घरांतून गटारीचे वास येत होते. आमच्याकडे कणकेचे गोड दिवे. वरून तूप न घेता खाल्ले, आणि इथे मात्र तूप हवं होतं, अगदी हवं होतं.

श्रावणातला पहिला रविवार

दह्याचं काम आज लागलं मार्गी. शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, सालं काढायची, भरपूर पाणी घालून मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटायचं, फडक्यातून गाळायचं. ते दूध सतत ढवळत उकळायचं, कारण लागतं फार पटकन. कोमट झालं की विरजण म्हणून हिरव्या मिरचीची देठं. ऐकलं तेव्हा मला थाप वाटली होती. पण देठांवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू असतात, आणि ते काम करतात. पहिलं दही सैल झालं. त्यातलं चमचाभर घेऊन लावलेलं दुसरं चांगलं बसलं. काकडीच्या कोशिंबिरीत, दाण्याचं कूट आणि हिंगाची फोडणी घातल्यावर, नवऱ्याला कळलं नाही. नुसतं साखर घालून खाल्लं तर कच्च्या दाण्याचा वास येतो आणि मी ते कुणालाही देणार नाही. कढीही करून पाहिली. बेसन जरा जास्त लावलं तर फुटत नाही, पण तिच्यापेक्षा सोलकढी केव्हाही बरी.

विकतच्या दुधांचं म्हणाल तर सोयाचं दूध उकळत्या चहात फाटतं. ओटचं फाटत नाही, पण किंमत गाईच्या दुधाच्या कितीतरी पट, आणि चहाला लापशीची छटा येते. दुपारी आता गवती चहा घातलेला कोरा घेते.

दुकानात पाकिटं उलटून वाचायची सवय लागली. हिरवा ठिपका दुधाबद्दल काहीच सांगत नाही. तो शाकाहाराचा आहे आणि आपल्याकडच्या शाकाहारात दूध आहेच. साध्या बिस्किटांत दुधाची भुकटी, पावात लोणी, चिप्सच्या मसाल्यात ताकाची पावडर. प्राण्यांपासूनचं काहीच नसलेल्या पदार्थांसाठी २०२२ मध्ये वेगळे नियम आले, त्यांचं बोधचिन्हही वेगळं आहे. पण ते ज्या पाकिटांवर दिसतं ती बहुतेक महाग असतात: शाकाहारी नगेट्स, वनस्पतीजन्य चीज. ती मी एकदा आणली. मटकीची आठवडाभराची उसळ त्या पैशांत झाली असती, आणि चवीलाही बरी लागली असती.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी

काल नारळीभात झाला. तुपाऐवजी नारळाच्या दुधातच भात शिजवला, लवंग खोबरेल तेलात परतली. सासूबाईंनी खाल्ला, "बरो झालो," म्हणाल्या, आणि स्वतःच्या पानात चमचाभर तूप सोडलं. त्यांच्या पानावर माझा नेम चालत नाही, हे आमच्यात न बोलता ठरलेलं आहे.

बोलून ठरवावं लागलं ते माशांचं. बोटी निघाल्या, बाजारात पापलेट दिसायला लागलं, आणि नवऱ्याचा श्रावण हा माझ्या चातुर्मासाइतका लांब नाही. गेला महिनाभर तो नीरफणसाची रव्यात तळलेली कापं मुकाट्यानं खातोय. मी तिरफळ घालून केलेलं डाळीचं सांबारं त्यानं डोळे मिटून खाल्लं आणि बांगड्याची आठवण येते म्हणाला, ते कौतुक होतं की तक्रार ते समजलं नाही. त्यानं काय खावं हे मी ठरवणार नाही. पण माझा नेम रांधण्याचाही आहे, फक्त खाण्याचा नाही. तेव्हा मासे घरात यायला हरकत नाही. रविवारी ओटा त्याचा, तवा वेगळा, आणि खवलं सिंकमध्ये राहता कामा नयेत.

तो म्हणाला, "मला कालवण कुठे येतं?"

सासूबाई टीव्हीवरून नजर न काढता म्हणाल्या, "माका येता. शिक माझ्याकडसून. तीय शिकताच हा."