लग्नपत्रिकेपासून पाव इंचाच्या चक्रापर्यंत : आमची वाटचाल

आमचा छापखाना मूळचा लग्नपत्रिकांचा. पुण्यात अप्पा बळवंत चौकातून आत वळलं की दुसऱ्या बोळात दहा बाय बाराची खोली, एक लाकडी टेबल, स्क्रीन प्रिंटिंगच्या चार फ्रेमा आणि पत्रिका वाळत घालायला दोऱ्या. तुळशीचं लग्न लागलं की जेवायला फुरसत नसायची आणि चातुर्मासात माश्या मारायच्या. वडिलांचा कटाक्ष एकाच गोष्टीवर असे. ‘चि. सौ. कां.’मधला अनुस्वार दिसलाच पाहिजे. बारीक टाइपात तो टिंब एक तर जाळीत अडकतो, नाही तर शाईत बुजतो, आणि वधूपिता नेमकं तिथेच बोट ठेवतो.

2011 च्या पावसाळ्यात, म्हणजे माश्या मारायच्याच दिवसांत, एक गृहस्थ छत्री झटकत आत आले. हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशातून त्यांनी काड्यापेटी काढली. आत कापसावर प्लॅस्टिकचा पंख होता, करंगळीहून लहान. “यावर बसेल असं हवाई दलाचं चक्र छापून मिळेल का? बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं.”

मी म्हटलं, “काका, स्टिकर करून देतो की.”

“स्टिकर नको. स्टिकरला जाडी असते.”

तो पंख नॅट या लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीचा होता, 72 पट लहान केलेल्या. या मापात खरे सहा फूट म्हणजे एक इंच. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खं विमान सुमारे 9 सेंटीमीटर. परदेशी खोक्यात मिळणारं नॅट बहुधा ब्रिटिशांच्या लाल कसरती पथकाचं, म्हणजे दोन आसनी प्रशिक्षण विमान असायचं. आपण 1965 आणि 1971 ला लढवलं ते एक आसनी. काकांनी ते विमान नाकापासून करवतलं होतं, पुटीने पुन्हा घडवलं होतं, पंख घासून लहान केले होते. आता अडलं होतं ते चक्रापाशी. मूळ चक्र 18 इंचांचं धरलं तर इथे ते पाव इंच. मला वाटलं, अनुस्वार छापणाऱ्याला यात काय अवघड आहे!

सगळंच अवघड होतं. याला डिकॅल म्हणतात. कागदावर डिंकाचा थर, त्यावर छपाई, वर लॅकरचा पारदर्शक पापुद्रा. पाण्यात अर्धा मिनिट बुडवलं की डिंक सुटतो आणि पापुद्रा ओल्या ब्रशने हव्या त्या जागी सरकवता येतो. माझं पहिलं केशरी राखाडी पंखावर बसवल्याबरोबर चिखल झालं, कारण खालचा रंग त्यातून दिसत होता. मग आधी अख्खं पांढरं वर्तुळ छापायचं आणि त्यावर केशरी कडं नि हिरवा ठिपका, असं ठरलं. म्हणजे एका चक्राला तीन फ्रेमा. एखादी फ्रेम दशांश एक मिलिमीटर सरकली की 72 ने गुणा, खऱ्या विमानावर सात मिलिमीटरचा घोळ. पत्रिकेत गणपती एवढा सरकला तर कुणाच्या बापाला कळत नाही. तिसऱ्या खेपेला रंग जुळले, पण वाटीत घातल्यावर चक्राचे तीन तुकडे होऊन तरंगायला लागले.

काका अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, “रविवारी चला माझ्याबरोबर.”

रविवारी बंद असलेल्या एका डेंटल क्लिनिकमध्ये त्यांचा, अशा छोट्या प्रतिकृती करणाऱ्यांचा, क्लब भरायचा. आठ-नऊ जण, वर्तमानपत्रं अंथरून बसलेले, थिनरचा वास, कोपऱ्यात एअरब्रशच्या कॉम्प्रेसरची घरघर. आजही मला विचाराल तर आमची फर्म त्या खोलीत सुरू झाली.

क्लिनिकच्या डॉक्टरांचे वडील बोटीवर होते. त्या काळी परदेशी किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचं खोकं, दुकानात दिसणं मुश्किल, डॉक्टरांना मात्र वडिलांच्या प्रत्येक सफरीनंतर एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं एक खोकं मिळायचं. त्यातून हात बसला आणि पुढे तोच हात दातांत गेला. त्यांनी माझा फुटका पापुद्रा चिमट्याने उचलला, वाकवला आणि सांगितलं, “तुमचं लॅकर कडक आहे. थोडं लवचीक पाहिजे, दातातल्या फिलिंगसारखं.” लॅकर बदललं, चक्र फुटायचं थांबलं.

भोसरीच्या फाउंड्रीत पॅटर्नमेकर असलेले एक काका होते. बीड ओतल्यावर निवताना आकसतं, म्हणून साच्यासाठीचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, शेकडा एकने मोठा करावा लागतो. आयुष्यभर हा हिशोब केलेला माणूस. जुलैत आमचं रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, रोज का चुकतं, ते त्यांनी कागदाला हात लावून ओळखलं. “अरे, कागद ओल पितोय. सकाळी पांढरा छापतोस, संध्याकाळी हिरवा, तोवर तो फुगलेला असतो.” तेव्हापासून तिन्ही रंग एका बैठकीत छापतो आणि कागद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवतो.

क्लबातल्या एका वहिनींची तऱ्हा वेगळी. त्या रुखवत करायच्या, सप्तपदीच्या सुपाऱ्यांपासून काड्यांच्या वाड्यापर्यंत. मुलाच्या दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरता पेरता त्या या नादाला लागल्या. विमान त्या करतच नाहीत, त्याच्या खालची जमीन करतात. वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची माती आणि रंगवलेल्या भुशाचं गवत असलेली त्यांची धावपट्टी एकदा बघाच. माझा पहिला विक्रीचा कागद बघून त्या म्हणाल्या, “सहा चक्रं लागतात म्हणून सहाच दिलीत? भाऊजी, एक तरी फाटणारच.” आमच्या प्रत्येक शीटवर दोन चक्रं जास्त असतात ती त्यांच्यामुळे.

गणपती रंगवणारे एक कलाकार आषाढापासून भाद्रपदापर्यंत दिसत नाहीत. एरवी 35 पट लहान सैनिकांचे डोळे आखायला त्यांच्याइतका स्थिर हात कुणाचा नाही. रणगाडेवालेही तिघे आहेत. वर्षातून एकदा नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन सेंच्युरियनचे नटबोल्ट मोजून येतात. ही 35 पट कुठून आली, तर जपानच्या तामिया या किट कंपनीने 1961 मध्ये पॅंथर रणगाड्यात मोटर आणि बॅटरी मावेल असं माप धरलं आणि तेच जगभर रूढ झालं. माणसं भलती गोड, पण धंद्याच्या दृष्टीने कुचकामी. रणगाड्याला चार आकडे लागतात, तेही ते हाताने काढतात.

आणि एक शाळकरी पोरगा होता, हवाई तळाच्या लोहगावचा. सुखोई पहिल्यांदा लोहगावला आलं त्याच वर्षी, 1997 मध्ये जन्मलेला. आवाजावरून विमान ओळखायचा. तो कॉम्प्युटरवर चक्रं, क्रमांक आणि स्क्वॉड्रनची चिन्हं काढून द्यायला लागला. आज तो माझा भागीदार आहे आणि मला “अहो काका, जरा सरका” म्हणतो.

2014 पासून पत्रिका कमी झाल्या. लोक व्हॉट्सॲपवर आमंत्रण धाडायला लागले. डिकॅल तोवर पोटापुरतं नव्हतं, पण चार शहरांतून मागणी येत होती. हात बसलेला एकच होता, बारीक देवनागरीचा, आणि तोच कामाला आला. मालवाहू विमानाच्या अंगावर ‘भारतीय वायु सेना’ लिहिलेलं असतं. 72 पट लहान केल्यावर त्याची शिरोरेषा किती बारीक ठेवली तर तुटत नाही, हे आम्हाला पत्रिकांनी शिकवलेलं होतं.

2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 मध्ये 70 वर. कस्टमच्या लेखी हे किट आणि बाळाचा खुळखुळा एकाच शीर्षकाखाली येतात. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते पाच मिनिटं बोललेच नाहीत. मी धसका घेतला होता, नवीन किट नाही तर डिकॅल कोण घेणार? झालं उलटंच. लोकांनी माळ्यावरची वर्षानुवर्षांची न उघडलेली खोकी खाली काढली. त्यातले जुने डिकॅल पिवळे पडून कुजलेले. त्या वर्षी आमची विक्री पहिल्यांदा पत्रिकांच्या पुढे गेली.

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं, 1963 पासूनची सेवा संपवून. त्या महिन्यात रात्रीही टेबल चालू होतं. पोराने मिग-21 च्या शेवटच्या स्क्वॉड्रनची, 23 व्या पॅंथर्सची शीट केली. तेव्हा जुनं भांडण पुन्हा उफाळलं, ते म्हणजे केशरी नेमकं कोणतं. गणपतीवाले म्हणतात पिवळसर, डॉक्टर फोटो दाखवतात, पॅटर्नवाले काका फोटोवर विश्वास ठेवत नाहीत. सार्जंटकाकांनी विमानांवरची अक्षरं स्वतः स्टेन्सिलने मारलेली आहेत. ते विचारतात, “कुठलं? शेडमधलं की उन्हात उभं राहिलेलं?” शेवटी आम्ही एकाच शीटवर दोन्ही छापली, ताजं आणि विटलेलं. गिऱ्हाईकाने आपलं आपण ठरवावं.

काड्यापेटीतला तो पंख मात्र अजून तसाच आहे, पांढऱ्या कापसात. एवढ्या वर्षांत काकांनी आमचं एकही चक्र त्यावर बसवलेलं नाही. गेल्या रविवारी मी दोन्ही केशरी समोर ठेवून विचारलं, “काका, आता तरी?”

त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि काड्यापेटी बंद केली. “दमट हवेत लॅकर पांढरं पडतं. पावसाळा संपू दे.”