सिन्हांनी ते शिखर सर केलं होतं का?

अंटार्क्टिकाच्या नकाशाबद्दल बोलताना ‘माउंट सिन्हा’चं नाव काढलं, की समोरून हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. हे नाव चढाईसाठी दिलेलंच नाही. सील हे समुद्री प्राणी मोजण्याच्या कामासाठी दिलंय, आणि मला ते अतिशय योग्य वाटतं.

पश्चिम अंटार्क्टिकात मेरी बर्ड लँड हा अवाढव्य मुलूख आहे. त्याच्या बहुतेक भागावर आजही कुठल्याच देशाचा दावा नाही. हे शिखर तिथलं. उंची 990 मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा कितीतरी कमी. अमेरिकी नौदलाने विमानातून घेतलेली छायाचित्रं आणि 1959 ते 1965 मधली सर्वेक्षणं यांवरून ते नकाशावर आलं.

अखौरी सिन्हा मूळचे बिहारमधल्या बक्सर जिल्ह्याचे, प्राणिशास्त्रज्ञ. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात काम करायचे. 1971-72 च्या मोसमात ‘साउथविंड’ या बर्फ फोडत जाणाऱ्या जहाजावरून बेलिंग्सहाउसेन आणि अमुंडसेन समुद्रात गेलेल्या जीवशास्त्रज्ञांच्या तुकडीत ते होते. काम होतं सील, देवमासे आणि पक्षी यांची गणना. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली ती डिसेंबर 1981 मध्ये, म्हणजे याच्या दहा वर्षांनंतर.

जहाजावर दोन हेलिकॉप्टरं होती. तरंगत्या बर्फावर पहुडलेले सील वरून काळे ठिपके दिसतात. पण मोजायचे ते कसे? बर्फावर असतात तेवढेच दिसतात, पाण्यात असलेले हिशेबाबाहेर राहतात. शिवाय दिवसाच्या वेळेनुसार आकडा बदलतो. क्रॅबईटर जातीचे सील उन्हाळ्यात दुपारच्या सुमारास सर्वांत जास्त संख्येने बर्फावर येतात, म्हणून गणना कितीला केली याला फार महत्त्व. (नावात खेकडा असला तरी हे सील जगतात क्रिलवर, म्हणजे कोळंबीसारख्या इवल्या समुद्री जिवांवर. त्यांच्या दातांना कंगोरे असतात, त्यांतून पाणी बाहेर जातं आणि क्रिल तोंडात अडकतं.)

ही मोजदाद केवळ अभ्यासकांच्या कुतूहलापोटी नव्हती. अंटार्क्टिकातल्या सीलांच्या संरक्षणाचा करार 1972 मध्येच लंडनला झाला. त्यात क्रॅबईटरच्या शिकारीवर वर्षाला 1,75,000 अशी कमाल मर्यादा घातली गेली, रॉस सील मारायला पूर्ण बंदी झाली. मुळात प्राणी आहेत किती, याचा अंदाजच नसेल तर असल्या मर्यादेला काय आधार?

म्हणूनच चढाईच्या प्रश्नाला नुसतं ‘नाही’ म्हणून मला थांबवत नाही. नकाशात 75 अंश दक्षिण, 136 अंश पश्चिमेच्या आसपास पाहा. माउंट सिन्हा ज्या कड्यांच्या आग्नेय टोकाला आहे त्यांचं नाव एरिक्सन ब्लफ्स; आल्बर्ट एरिक्सन हे त्या तुकडीचे प्रमुख. त्याच भागात गिल्बर्ट ब्लफ आहे, तो जेम्स गिल्बर्ट यांच्या नावाचा. तेही त्याच जहाजावर होते.