केबल तुटली तेव्हा सोयाबीन शेतात होतं

इंदूर-खंडवा रस्त्याचं रुंदीकरण सुरू झालं तेव्हापासून आमची फायबर केबल कधी तुटेल याचा नेम राहिला नाही. त्या वेळी सिमरोलच्या पुढे एका फाट्यावर जेसीबीने ती उखडली आणि आतल्या गावाचा एकुलता एक टॉवर बंद पडला. ग्राहक कमी, म्हणून कंपनीच्या यादीत हा टॉवर तळाला. आधी शहरातली कामं उरका, असा निरोप आला. मी आणि माझा जोडीदार तिथे पोचलो तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता.

खड्ड्यापाशी एक काका थांबले होते. आमचं बोलणं ऐकून मराठीतच म्हणाले, "भाऊ, आज संध्याकाळच्या आत नेटवर्क येईल ना?"

कापून शेतात पसरलेलं त्यांचं सोयाबीन पावसात भिजलं होतं. पीक विम्यात कापणीनंतर 14 दिवसांपर्यंत असं नुकसान धरतात, पण ते 72 तासांच्या आत कळवावं लागतं. विम्याच्या हेल्पलाइनला, 14447 वर, फोन लावायला सिमरोल गाठता येतं. विम्याच्या ॲपमधला फोटो मात्र शेतात उभं राहूनच काढावा लागतो, कारण त्यात जागेची नोंद होते. खरिपाचा 2 टक्के हप्ता काकांच्या कर्जखात्यातून परस्पर कापला गेला होता. पैसे घेताना काही अडलं नाही आणि मागताना टॉवर बंद! हा सरळ अन्याय आहे.

ओटीडीआरवर, म्हणजे केबल कुठे तुटली ते दाखवणाऱ्या यंत्रावर, तूट सापडली तोच भुरभुर सुरू झाली. स्प्लायसिंगला, म्हणजे तंतू जोडण्याच्या कामाला, पाण्याचा थेंब चालत नाही. केसाएवढा, 125 मायक्रॉनचा काचेचा तंतू. तो सोलायचा, स्पिरिटने पुसायचा, काटकोनात छाटायचा, मग मशीन दोन्ही टोकं समोरासमोर आणून वितळवून जोडतं. काका मोटरसायकलवरून ताडपत्री घेऊन आले. पिकावरचीच होती.

"काका, ही कशाला काढलीत?"

"शेंगांतच कोंब फुटलेत. आता झाकून काय करू? तुम्ही हे जोडा."

काम संपेपर्यंत ते आणि त्यांचा पुतण्या ताडपत्री धरून उभे होते.

दुपारी टॉवर चालू झाला. पुतण्याने शेतातून फोटो पाठवला, अर्जाचा नंबर आला. भरपाई किती मिळेल ते पाहणीवर. निदान मुदत तरी चुकली नाही. बाकीचे शेतकरीही मग आपापल्या शेताकडे निघाले.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, की सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनच्या गावांचे टॉवर ग्राहकसंख्येवरून मागे ठेवू नयेत. साहेबांनी ती ओळ काढायला सांगितली. मी काढलेली नाही, आणि पुढच्या बैठकीत हा विषय मांडणार आहे.