प्लेटचं पाणी उतरू नये म्हणून

आमच्या गावचा लोहार विळ्याला पाणी द्यायचा ते मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचो. लालभडक पातं पाण्यात चर्रकन बुडवायचा, मग परत निखाऱ्याजवळ धरायचा, पातं गवती पिवळं झालं की काढून घ्यायचा, आणि विळा हातात देताना दर वेळी बजावायचा की हा परत चुलीत बिलीत पडू देऊ नका, पाणी उतरून जाईल.

क्वेंच्ड अँड टेम्पर्ड स्टील प्लेट म्हणजे दुसरं काय, मोठा विळाच. मिलमध्ये प्लेट साधारण ९०० डिग्रीला तापवतात, पाण्याने झटकन थंड करतात (हे क्वेंचिंग), ती कडक पण ठिसूळ होते, मग ६०० च्या वर परत तापवून तो ठिसूळपणा काढतात (हे टेम्परिंग). एसए ५३७ क्लास २ ही ग्रेड घ्या, साधं कार्बन स्टीलच आहे पण या पाण्यामुळे टेन्साइल, म्हणजे तुटेपर्यंतची ताकद, ५५० ते ६९० एमपीए आणि यील्ड, म्हणजे कायमचं ताणलं जायला लागण्याची ताकद, ४१५ मिळतं. टेम्परिंग कमीत कमी ५९५ डिग्रीला व्हायला पाहिजे असं स्पेसिफिकेशनच सांगतं. आणि प्रेशर व्हेसलच्या कोडमध्ये, म्हणजे एएसएमई सेक्शन ८ मध्ये, पी नंबर १ च्या (साध्या कार्बन स्टीलच्या गटातल्या) मटेरियलला वेल्डिंगनंतरच्या एसआरचं (स्ट्रेस रिलीव्हिंग, वेल्डमध्ये अडकलेला ताण काढायला परत तापवणं) मिनिमम तापमान किती? तेही ५९५! सगळी गोम इथेच आहे.

मी जळगाव एमआयडीसीत एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये क्यूसीला (क्वालिटी कंट्रोलला) होतो तेव्हाची गोष्ट. ४० एमएम जाडीची प्रेशर व्हेसल, क्लास २ ची प्लेट. ३८ एमएमच्या वर पीडब्ल्यूएचटी, म्हणजे तेच वेल्डिंगनंतरचं एसआर, कंपल्सरी, त्यामुळे करायची की नाही हा प्रश्नच नव्हता. मे महिना, बाहेरच ४५ डिग्री, आणि फर्नेसवर नाना, जे आधी दीपनगरच्या पॉवर हाऊसला ठेकेदाराकडे बॉयलरची कामं करून आलेले, बर्नरचा आवाज ऐकून सांगायचे की हवा कमी पडतेय. त्यांनी विचारलं, "भाऊ, कितलावर ठेवू?" मी म्हटलं, "ठेवा ना नाना नेहमीसारखं, ६२० वर." नेहमीसारखं म्हणजे ५१६ ग्रेड ७० च्या नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत थंड केलेल्या, पाणी न दिलेल्या) प्लेटला ठेवायचो तसं. प्लेटची टीसी, म्हणजे मिलचं टेस्ट सर्टिफिकेट, माझ्याच फाइलमध्ये होती, तिच्यावर टेम्परिंग ६१० लिहिलेलं होतं, मी केमिकल बघितलं, टेन्साइल बघितलं, ती एक ओळ नाही बघितली.

तापमानाचा चार्ट निघाला तर बर्नरजवळच्या थर्मोकपलला (तापमान मोजणाऱ्या वायरला) ६४५. कोडप्रमाणे होल्डिंगमध्ये सगळ्यात गरम आणि सगळ्यात थंड जागेत ८३ डिग्रीपर्यंत फरक चालतो, म्हणून चार्टवर कुणी बोट ठेवलं नाही. पण क्लायंटने सोबत टेस्ट कूपन, म्हणजे चाचणीचा तुकडा, ठेवायला लावलं होतं, ते तोडल्यावर टेन्साइल ५५० च्या खाली आलं. जॉब रिजेक्ट. बनलेली व्हेसल परत क्वेंच करायची सोय आपल्याकडे कुठली, आणि केली असती तरी ती वाकडी होऊन बाहेर आली असती. नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं, त्यांनी विचारलं होतं.

होतं काय की टेम्परिंगमध्ये कार्बाइडचे बारीक कण तयार झालेले असतात, तुम्ही त्या तापमानाच्या वर गेलात की ते कण मोठे व्हायला लागतात आणि प्लेट मऊ पडते. वेळ पण मोजला जातो बरं का. एकदा एसआर केलं, मग रिपेअर निघाली, परत एसआर केलं, तर दोन्ही वेळा धरायच्या. प्रॅक्टिसमध्ये आम्ही एसआर टेम्परिंगच्या १५ ते ३० डिग्री खालीच ठेवतो. पण टेम्परिंगच ६१० ला झालेलं असेल तर खालची हद्द ५९५ आणि वरची पण ५९५, फर्नेस काय सुईच्या टोकावर चालत नाही.

मग काय करायचं? एक रस्ता म्हणजे कमी तापमान, जास्त वेळ. ५९५ ला २५ एमएमला एक तास लागतो, साधारण ३० डिग्री खाली आलात तर दोन तास, ५५ खाली आलात तर चार तास, कोडमध्येच टेबल आहे. त्याच्याही खाली १० आणि २० तासांची सोय आहे पण ती पी नंबर १ च्या ग्रुप १ आणि २ ला, क्लास २ ची प्लेट ग्रुप ३ मध्ये येते म्हणून तिला नाही. पण माझ्या मते खरा इलाज ऑर्डर देतानाच करायचा, मिलला लिहून कळवायचं की आमचं एसआर एवढ्या तापमानाला, रिपेअर धरून एकूण एवढे तास होणार, टेस्ट पीस तेवढं तापवूनच तोडा आणि टेम्परिंग वर ठेवा. परचेसवाले म्हणतात डिलिव्हरी लांबेल. लांबू द्या.

५१७ सारखी ६९० यील्डची प्लेट असेल तर आणखी जपून. तिचं एसआर ५४० ते ५९५ मध्ये बसवतात, आणि त्यातल्या मॉलिब्डेनम, व्हॅनेडियमवाल्या ग्रेडमध्ये तापवतानाच वेल्डच्या कडेला बारीक क्रॅक निघू शकतात. म्हणून टो, म्हणजे वेल्डची कड, नीट ग्राइंड करून घ्या आणि एसआर झाल्यावर एमपीआय (क्रॅक शोधायची मॅग्नेटिक पावडरची तपासणी) परत करा, आधीच्या रिपोर्टवर विसंबू नका.

नंतर परत तसाच ४० एमएमचा जॉब आला. मिलकडून टेम्परिंग ६४० करून घेतलं. नानांना सेट पॉइंट ६०५ दिला, एक थर्मोकपल मुद्दाम बर्नरच्या समोर लावला, ४२५ च्या वर तासाला १४० पेक्षा कमी चढवलं. सहाही कपल ५९७ ते ६१२ मध्ये, कूपन ५७१ एमपीएला तुटलं. चार्टवर सही करायच्या आधी नानांनी टीसी मागून घेतली, चष्मा लावला आणि टेम्परिंगची ओळ स्वतः वाचली.