ओटल्यावरचं इंदूर

राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये घर किती जुनं आहे हे विचारायची गरज पडत नाही, ओटला बघायचा. दारापुढे, खाली नाली अन् वर फरशी, दीड-दोन हात उंच, दोघं मांडी घालून बसतील अन् तिसरा टेकून उभा राहील एवढीच जागा. ती कागदावर नक्की कुणाच्या नावावर आहे हे आमच्याकडे कुणी कधी विचारलंच नाही. घरवाल्यांची म्हणावी तर सकाळी कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याचं गिऱ्हाईक प्लेट घेऊन तिथेच येऊन बसायचं, अन् रस्त्याची म्हणावी तर काकू रोज ती धुऊन रांगोळी काढायच्या आणि कुणी चपलेसकट चढलं की आतून आवाज यायचा, "ओ भिया, जरा बघून!" बस, एवढाच काय तो कायदा.

अन् अनंत चतुर्दशीच्या रात्री तर ओटल्याचा भाव बाल्कनीच्या तिकिटासारखा असायचा. गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, सीतलामाता बाजार, गोराकुंड, खजुरी बाजार करत राजवाड्याकडे येतात, पार पहाटेपर्यंत चालतं ते, त्यामुळे दुपारीच सतरंजी टाकून जागा धरायची, आणि वर्षभर तोंड न दाखवणारे नातेवाईक त्या दिवशी बरोबर "सहज आलो होतो इकडे" म्हणत हजर. हुकुमचंद मिल 1991 साली बंद पडली, मजुरांच्या हातात थकलेले पैसे पडायला 2023 चा डिसेंबर उजाडला, पण झांकी काढायचं काही त्या लोकांनी सोडलं नाही. हे आपलं जाता जाता.

मग स्मार्ट सिटीचं काम आलं, बडा गणपती ते कृष्णपुरा रस्ता रुंद करायचा ठरलं, भिंतींवर लाल निशाणं पडली. इथपर्यंत तुमचं, इथून पुढे रस्त्याचं. सगळ्यात आधी अर्थातच ओटले गेले. पुष्कळांनी स्वतःच मजूर लावून घराचं तोंड तोडून घेतलं, कारण पोकलेन आलं तर ते काय निशाण बघून थांबतं थोडंच, चार हात जास्तच खाणार. त्या दिवसांत तिथून जाताना बघवत नव्हतं खरं तर, वरच्या मजल्यावरची अर्धी खोली उघडी, गुलाबी ऑइलपेंटची भिंत, तिच्यात देवाचा कोनाडा, कोनाड्यात तेलाचा काळा डाग, खाली कॅलेंडरचा खिळा, अन् हे सगळं भर रस्त्यावरून दिसतंय. माणसाच्या घरातलं इतकं आतलं रस्त्यावर यायला नको.

पण खरं सांगायचं तर ओटल्याखाली काय होतं तेही तेव्हाच कळलं. कित्येक वर्षांचा गाळ, पन्न्या, मुलांचे हरवलेले बॉल, कुणाची तरी स्टीलची वाटी. वर रांगोळी अन् खाली हे. फरशी पक्की बसवलेली, मग नाली साफ करणार कोण अन् कशी? ते पाणी सरळ नाल्यात, नाल्यातून कान्ह अन् सरस्वतीत. पुढे नाला टॅपिंग झालं, म्हणजे नाल्यात पडणारं सांडपाणी अडवलं, घरांच्या लाइनी ड्रेनेजला जोडल्या गेल्या, 2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं, शहर ठरलं. नद्या अजून काही आंघोळीच्या लायकीच्या झालेल्या नाहीत, पण कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून जाताना पूर्वी जसा नाकाला रुमाल लागायचा तसा आता रोज लागत नाही. म्हणजे ओटले तोडले ते सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. अर्धी घराची अन् अर्धी गावाची अशी जी जागा असते ना, तिचा रकानाच आता फॉर्ममध्ये राहिलेला नाही. एक तर तुमची रजिस्ट्री, नाहीतर अतिक्रमण.

याचा सगळ्यात मोठा झगडा सराफ्यात चालू आहे. दिवसा तिथे सोनं-चांदी, रात्री आठ-साडेआठनंतर एकेक शटर खाली येतं आणि त्याच दुकानाच्या ओटल्यावर दुसऱ्याचा संसार मांडला जातो. हे प्रत्यक्ष बघण्यासारखं असतं. शेटजी कुलूप ओढून बघतात, पुन्हा एकदा ओढून बघतात, नमस्कार करतात, त्यांचा माणूस पायरी झाडतो, आणि झाडू बाजूला होतो न होतो तोच फळी येते, फळीवर परात, परातीत गराडू (तळलेला कंद) नाहीतर भुट्ट्याचा कीस, बल्ब लागतो, अन् पाच मिनिटांपूर्वी इथे बांगड्यांचं वजन होत होतं हे सांगून खरं वाटणार नाही. जुने लोक सांगतात की सराफांनाच हे हवं होतं, रात्री दोनपर्यंत उजेड अन् माणसं असली की चोराची हिंमत होत नाही, वेगळा पहारेकरी ठेवायला नको. दोघांची सोय, जागा एकच.

आता सराफांचं म्हणणं, ही चौपाटी, म्हणजे रात्रीचा खाण्याचा बाजार, हलवा. 2025 मध्ये पुन्हा बरीच गरमागरमी झाली, शेवटी गाडी येऊन थांबली ती यावर की पारंपरिक पदार्थवाले राहतील, बाकीचे जातील. सिलिंडरची भीती खोटी नाही, एवढ्याशा गल्लीत इतके गॅस अन् वरती लाकडी माड्या, त्यात काही झालं तर बंब आत शिरणार कुठून, हे मला शंभर टक्के पटतं. पण मोमोज परंपरेत बसत नाहीत म्हणून हटवा याचं हसू येतं. साबुदाण्याची खिचडी आपल्या मराठी स्वयंपाकघरातून, तीही उपासाची, निघून सराफ्यात वर सेव अन् जीरावन मसाला भुरभुरून घेत बसली, तेव्हा तिला कुणी परंपरेचं सर्टिफिकेट मागितलं होतं का? (सेव घातलेली उपासाची खिचडी बघून पुण्याची पाहुणेमंडळी जो चेहरा करतात तो बघायला मी मुद्दाम त्यांना तिथे नेते.)

सीतलामाता बाजारातलं गणित आणखी वेगळं. दुकानात साड्या अन् लेहंगे, दुकानापुढे जमिनीवर चादर पसरून क्लिपा, रबर, टिकल्यांची पानं, परकराच्या नाड्या. पिवळी गँग, म्हणजे नगर निगमचं (महापालिकेचं) अतिक्रमण हटवणारं पथक, येतेय अशी चौकातून कुणाची तरी शिट्टी आली की चादरीची चार टोकं एका मुठीत, गाठोडं खांद्यावर, अन् बाई सरळ साडीच्या दुकानात, गाठोडं काउंटरखाली, स्वतः गिऱ्हाईक असल्यासारखी स्टुलावर. गाडी गेली की दहाव्या मिनिटाला चादर पुन्हा पसरलेली, टिकल्या पुन्हा रंगवार. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते तेव्हा आपण ओला-सुका वेगळा करून तिच्याकडे धावतो, दुपारी ही दुसरी गाडी येते तेव्हा हे लोक तिच्यापासून पळतात, गाव एकच बरं का. अन् फरक मला विचाराल तर एवढाच की पहिली रोज येते, दुसरी मुहीम असली की. रोज येणाऱ्याची सवय लागते. मुहिमेची लागत नाही, तिच्यातून फक्त वाट काढता येते.

बरं, तो दुकानदार बाईला आत घेतो ते दयेपोटी असं समजू नका, दुकानापुढे बसायचे रोजचे पैसे घेणारे त्या बाजारात थोडे नाहीत. फूटपाथ सरकारी, भाडं खासगी. पथविक्रेत्यांसाठी कायदा झाला 2014 मध्ये, त्यात सर्व्हे करा, प्रमाणपत्र द्या, झोन ठरवून द्या असं सगळं लिहिलेलं आहे, 2020 मध्ये करोनात स्वनिधी योजनेतून पहिलं दहा हजारांचं कर्जही मिळायला लागलं. म्हणजे धंद्याला भांडवल सरकार देणार, फक्त धंदा मांडायचा कुठे हे सांगणार नाही. चार बाय चारचा चौकोन आखून त्यात नंबर टाकून दिला, अन् भाडं दुकानदाराऐवजी निगमने घेतलं, तर मला वाटतं बाई आनंदाने देईल. पण तशाने दुकानदाराची वरकमाई बंद होते ना, त्यामुळे व्यापाऱ्यांकडून या मागणीचं निवेदन येईल अशी आशा मी धरलेली नाही.

आम्ही आता सुदामा नगरच्या बाजूला राहतो. इकडे ओटले नाहीत, रॅम्प आहेत. गेटपासून निघून दोन-अडीच हात सरळ रस्त्यात आलेले, जुन्या ओटल्यापेक्षा जास्तच, वर खरबरीत टाइल्स, दोन्ही बाजूंना कुंड्या, अन् गेटसमोर गाडी लावू नये अशी पाटी. त्याच्यावर कुणी बसू शकत नाही, उतारच तसा असतो. नाली त्याच्याखालीही तुंबतेच. पण त्याला अतिक्रमण म्हणायची आपल्यात पद्धत नाही, कारण त्याच्यावरून कार चढते.

आमच्या कोपऱ्यावर एक पतासेवाला, म्हणजे पाणीपुरीवाला, उभा राहायचा संध्याकाळी. समोरच्या काकांनी, ज्यांचा रॅम्प अख्ख्या लाइनीत सगळ्यात लांब आहे, निगमच्या तक्रारींच्या 311 अ‍ॅपवर फोटो टाकून त्याची तक्रार केली, रस्ता अडतो म्हणून. ठेला हटला. आता त्यांच्याकडे पाहुणे आले की सगळी वरात गाडी काढून छप्पनला, म्हणजे छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत, पतासे खायला जाते, अन् परत आल्यावर काका गेटमध्ये उभं राहून आम्हाला ऐकवतात की छप्पनला पार्किंगची काय बोंब आहे.