आमच्या घरातली हिरवी वायर

गेल्या पावसाळ्यात आई म्हणाली, "वॉशिंग मशीनला ओला हात लागला की मुंग्या येतात." "स्लीपर घालून वापर," एवढं सांगून मी कामावर गेलो. त्या उत्तराचं मला आजही वाईट वाटतं.

घर गिरगावातलं, पागडीचं. सॉकेट मात्र तीन पिनांचं, म्हणजे आर्थिंग, गळका करंट जमिनीत नेणारी जोडणी, असणारच, असं मी धरून चाललो होतो. वायरमनदादांनी मीटर लावला. फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) यांच्यात 232 व्होल्ट. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच यायला हवे होते, पण आकडा नुसता भरकटत होता. बोर्ड उघडला तर अर्थच्या हिरव्या वायरचं टोक कापून आत कोंबलेलं. मशीनमधल्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतोच. त्याला जमिनीत जायला वाटच नव्हती.

"मग हिरवी न्यूट्रलला जोडू या?" मी विचारलं.

"अजिबात नाही! मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर पत्र्यावर 230 व्होल्ट उभे राहतील."

खाली मीटरच्या खोलीत पाहिलं, तर अर्थ जमिनीत नेणारी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी गंजून तुटलेली आणि अर्थचा खड्डा चौकातल्या लाद्यांखाली गाडलेला. दोन रविवार भाडेकरूंच्या बैठकीत गेले. "इतकी वर्षं कुठे काय झालं?" हे ऐकून फार राग यायचा. शेवटी वर्गणी जमली. नवा खड्डा खणला, अडीच मीटरचा जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा-मिठाचे थर दिले, वर पाणी ओतायला फनेल बसवलं. अर्थ टेस्टरवर 2.8 ओहम आले.

घरात नवी हिरवी वायर ओढली आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला. एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की पडणारा स्विच, वायरिंगला जपतो. आमचा 16 अँपिअरचा. माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शंभराव्या भागाइतकाही करंट पुरतो, आणि तेवढ्याने एमसीबी हलतही नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून पाहतो. फरक पडला की क्षणात तोडतो.

मग गीझर लावला. खट्. पुन्हा लावला, पुन्हा खट्.

गीझरच्या कॉइलमधून करंट गळत होता. किती दिवसांपासून, कोण जाणे. आई रोज पहाटे त्याच नळाखाली बादली भरायची. मी बराच वेळ न्हाणीच्या दारात उभा होतो.

कॉइल त्याच दिवशी बदलली. आता दर महिन्याच्या एक तारखेला आरसीसीबीचं 'टेस्ट' बटण आईच दाबते, आणि तो पडला की मला हाक मारून सांगते.